ब्राउझरमधून सी चा प्रोग्रॅम चालवायचाय, स्कॅनएफला (कीबोर्डवरून आकडा घेणारं फंक्शन) अडकतो

सिडको_क्लासवाला:
नमस्कार मंडळी. नाशिकला सिडकोत सी चा छोटा क्लास घेतो. निफाड-दिंडोरीकडची बरीच पोरं आहेत, घरी कॉम्प्युटर नाही, मोबाईलच आहे, म्हणून म्हटलं सर्व्हरवर प्रोग्रॅम ठेवू आणि ते ब्राउझरमधून चालवतील. कांद्याच्या पट्टीचा प्रोग्रॅम आहे, क्विंटल विचारतो, भाव विचारतो, मग हमाली-तोलाई कापून हातात किती पडले ते सांगतो. फ्लास्कमधून (पायथनची वेब लायब्ररी) पाइप लावून, म्हणजे प्रोग्रॅमचं इनपुट-आउटपुट तिला जोडून, सुरू केला तर "किती क्विंटल?" हेच दिसत नाही, पान नुसतं फिरत राहतं आणि मिनिटभराने ५०४ एरर (उत्तर वेळेत आलं नाही). टर्मिनलवर एकदम नीट चालतो हो. कुठं चुकतंय?

गोदाकाठ:
सर, दोन गोष्टी एकात एक गुंतल्यात. एचटीटीपीत एक विचारणा, एक उत्तर. तुमचा प्रोग्रॅम मधेच थांबून आकडा मागतोय, ब्राउझर पूर्ण उत्तराची वाट बघतोय, दोघंही बसून. एनजिनएक्सची (पुढचा वेब सर्व्हर) डिफॉल्ट मुदत ६० सेकंद, संपली की ५०४. दुसरं म्हणजे बफर, आउटपुट तात्पुरतं साठवायची जागा. समोर टर्मिनल असेल तर स्कॅनएफ थांबायच्या आधी प्रश्न स्क्रीनवर येतो, पण पाइप असला की सी ची लायब्ररी सगळं साठवून ठेवते, बफर भरेपर्यंत नाहीतर प्रोग्रॅम संपेपर्यंत. प्रिंटएफनंतर एफफ्लश (साठलेलं लगेच बाहेर पाठवतं) टाकून बघा.

रात्रपाळी_अंबड:
एफफ्लश पोरांना लिहायला लावू नका सर, पुस्तकात आहे तसाच प्रोग्रॅम चालला पाहिजे त्यांचा. पाइपऐवजी पीटीवाय (आभासी टर्मिनल) द्या, मग प्रोग्रॅमला समोर टर्मिनलच आहे असं वाटतं, आणि ब्राउझरशी वेबसॉकेट, ते उघडंच राहतं, दोन्हीकडून कधीही पाठवता येतं. टीटीवायडी नावाचं टूल हे दोन्ही करतं, प्रत्येक टॅबला वेगळी प्रोसेस. नव्या व्हर्जनमध्ये डॅश कॅपिटल डब्ल्यू (-W) हा पर्याय दिल्याशिवाय टाइपच होत नाही, माझा अख्खा रविवार गेला होता त्यात. एनजिनएक्स पुढे असेल तर वेबसॉकेटसाठी अपग्रेड आणि कनेक्शन हे दोन हेडर स्वतः लिहून पुढे पाठवावे लागतात.

सिडको_क्लासवाला:
चाललं!! मोबाईलवर "किती क्विंटल?" आलं, ४० टाकलं, लगेच भाव विचारला. उद्याच पोरांना लिंक देतो.

गोदाकाठ:
थांबा सर, तशीच देऊ नका. पोरं स्वतःचा कोड चालवणार ना, मग चुकून फोर्क (नवी प्रोसेस काढणारा कॉल) लूपमध्ये पडला तर अख्खा सर्व्हर बसेल. डॉकरमध्ये टाका, म्हणजे प्रोग्रॅम वेगळ्या बंदिस्त कंटेनरमध्ये चालेल, नेटवर्क बंद, मेमरी आणि प्रोसेसची संख्या बांधून. टॅब बंद केला तरी कंटेनर कधीकधी मागे चालूच राहतो, म्हणून आतल्या प्रोग्रॅमलाच टाइमआउट लावा, ५ मिनिटं पुष्कळ झाली.

सिडको_क्लासवाला:
बरं झालं सांगितलंत. लिंक सोमवारपर्यंत थांबवतो, आधी डॉकरचं बघतो.