सुट्या विटांचा हिशेब

लेगोच्या, म्हणजे एकमेकींत बसणाऱ्या प्लास्टिकच्या खेळण्यातल्या, सुट्या विटा घेऊन स्वतःचं मॉडेल बांधायला किती खर्च येईल? यावर एकांनी 'नगाला दहा रुपये धरा आणि विटांच्या संख्येने गुणा' असा हिशेब दिलाय. इतकं सरळ नसतं हो ते. लेगोत रंगावर बरंच काही ठरतं. 2 बाय 4 ची (वर चार-चार गुंड्यांच्या दोन ओळी असलेली) लाल वीट कुठेही मिळेल; तोच आकार एखाद्या बंद झालेल्या रंगात हवा असेल तर विक्रेता म्हणेल ती पूर्व दिशा. मॉडेलच्या पोटात, जिथे काही दिसतच नाही, तिथे स्वस्तात मिळेल तो रंग खुशाल भरा.

खरी गोम टपालाची. ब्रिकलिंक या सुटे लेगो भाग विकणाऱ्या अनेक दुकानांच्या ऑनलाइन बाजारात (2019 पासून तोही लेगोच्याच मालकीचा) सगळे भाग एकाच दुकानात क्वचितच सापडतात. चार विक्रेते म्हणजे चार पार्सलं, परदेशातून मागवलंत तर वर सीमाशुल्क. कधीकधी विटांपेक्षा हाच खर्च जड! म्हणून आधी ब्रिकलिंकच्याच स्टुडिओ या फुकट सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल बांधा, भागांची यादी काढा आणि महागडे तुकडे तिथेच बदलून टाका. मूळ विटेच्या पेटंटची मुदत केव्हाच संपलीय, त्यामुळे इतर कंपन्यांच्या विटाही लेगोत बसतात. पण पकड सारखीच असेल याची खात्री नाही. मोठ्या कमानीला मी तरी त्या लावणार नाही.