चिनी बाजाराचं मिन्याचं घड्याळ: हातात घेतलं की थांबतं, मिन्याचा टवका उडालाय

म्हापसेकर: घरातलं सोन्याचं खिशातलं घड्याळ. यंत्रावर 'बोव्हे, फ्लरिये' (चिनी बाजारासाठी घड्याळं बनवणारे स्विस कारागीर आणि त्यांचं गाव). मागे मिन्यात फुलं, कडेला अर्ध्या मोत्यांची रांग. तीन मोती गळालेत, एक डबीत आहे. सेकंदकाटा सेकंदाला एकदाच उडी मारतो. उचललं की थांबतं. मिना परत भाजता येईल? भाऊ जिनिव्हाला पाठवू म्हणतो.

भिंगवाला: भाजायचं नाव काढू नका. मिना साधारण ८०० अंशांना वितळतो; तेवढ्या आचेत जुना थर आणखी चिरतो आणि मोती तर जळूनच जातात. टवका थंड रेझिनने भरतात, पुढे काढता येईल असा. आधी दहापट भिंगाखाली टवक्याची कड बघा. फुटलेल्या काचेसारखी असेल तर खरा मिना. रंग पापुद्र्याने सुटत असेल तर कुणीतरी आधीच हात फिरवलाय. अल्ट्रासॉनिक यंत्रात धुणं बिलकूल नको, चिरेतून आणखी टवके निघतात. आणि सोनाराला 'जरा उजळून द्या' म्हणू नका! आम्लाने मोती मरतात.

काटेकोर: थांबणं हा बिघाडच असेल असं नाही. तुमच्या वर्णनावरून हे चिनी ड्युप्लेक्स दिसतंय, म्हणजे दातेरी चाकाने बॅलन्सला (मागेपुढे झुलणाऱ्या चाकाला) रेटा देणाऱ्या यंत्रणेचा एक प्रकार: साध्या ड्युप्लेक्समध्ये बॅलन्सला दोन झोक्यांत एकदा रेटा मिळतो, यात दाते दुभंगलेले असल्याने चार झोक्यांत एकदा. म्हणून काटा सेकंदाला उडतो. उचलताना गिरकी बसली, रेटा चुकला, की ते आपोआप सुरू होत नाही. आडवं धरून डायलच्या पातळीत हलकी गिरकी द्या. टेबलावर सपाट असतानाही थांबलं तर मात्र वंगण वाळलंय किंवा बॅलन्सची टोकं झिजलीत. चावी सैल असेल तर वापरू नका, चौकोनी टोकाचे कोपरे खाते.

फोंड्याहून: जिनिव्हाचं सांभाळून. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते आणि मग खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. कुरियर करण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारा. पावसाळ्यात हवाबंद डबा, सिलिका जेल, आत छोटा आर्द्रतामापक. ४५-५० टक्के पुरे. पोलादी भाग गंजतात ते याच दिवसांत. डांबरगोळ्या, कापूर डब्यात नको. असली घड्याळं बरेचदा जोडीने बनत, कधी चित्रं आरशातल्यासारखी उलटसुलट. कपाटात दुसरं नाही ना, बघा एकदा.

म्हापसेकर: सपाट ठेवलं तर चालतंय. डबीतला मोती चिकटवू?

भिंगवाला: तोच बसवा, पण फेव्हिक्विक नको, ते पुढे सुटत नाही. मोती बसवणाऱ्याकडेच द्या, आणि आधी यंत्र केसमधून बाहेर काढून घ्या.