गेमने तुमच्या हातून काय करून घेतलं? (अनुभव धागा: गोष्टीचे आणि सोबतीचे गेम)

मंडळी, गेमचा विषय निघाला की बोलणं ग्राफिक्स, फ्रेम रेट आणि कुठल्या मशीनवर चालेल यातच अडकतं. या धाग्यात ते बाजूला ठेवू. ज्या गेमचा जीव गोष्टीत आहे, किंवा ज्यात बरोबर खेळणारा माणूस हाच खरा खेळ आहे, अशा गेमबद्दल लिहा. प्रश्न एकच: त्या गेमने तुमच्या हातून असं काय करून घेतलं, जे नुसतं बघताना किंवा वाचताना झालं नसतं? रहस्यभेद होणारच, तेव्हा ज्यांना तो नको त्यांनी गेमचं नाव दिसताच पुढच्या प्रतिसादावर जावं.

सुरुवात मी करतो. टेलटेल कंपनीचा ‘द वॉकिंग डेड’, २०१२ साली पाच भागांत आलेला. झोंबींनी उद्ध्वस्त केलेल्या जगातली गोष्ट. ली हा शिक्षा झालेला प्राध्यापक आणि त्याच्या वाट्याला आलेली क्लेमेंटाइन ही लहान मुलगी. या गेमवर नेहमीचा आक्षेप असा की त्यातल्या निवडी खोट्या आहेत. बरोबरच्या गटातल्या कार्ली आणि डग यांच्यापैकी कुणालाही वाचवा, ते माणूस तिसऱ्या भागात मरतंच. हे खरं आहे. तरी माझ्या लेखी त्याने फरक पडत नाही. दुसऱ्या भागाच्या शेवटी उपाशी माणसांना जंगलात खाण्यापिण्याच्या सामानाने भरलेली गाडी दिसते, मालकाचा पत्ता नाही. सगळे तुटून पडतात. क्लेमेंटाइन तुमच्याकडे बघत असते, संवादाखालची वेळेची पट्टी झरझर कमी होत असते आणि गप्प राहिलात तर तेही उत्तरच धरलं जातं. मी हात लावला नाही. बाकीच्यांनी गाडी रिकामी केलीच, कथा तसूभर हलली नाही. पण शेवटच्या भागात त्या गाडीचा मालक ली समोर बसून त्याच्या एकेका वागण्याचा जाब विचारतो, तेव्हा मी ताठ मानेने बसलो होतो. निवडीचं मोल कथेत किती फांद्या फुटल्या यावर ठरत नाही, असं माझं ठाम मत आहे.

—

‘व्हॉट रिमेन्स ऑफ इडिथ फिंच’, २०१७. जायंट स्पॅरोचा. दोनेक तासांत संपतो. फिंच घराण्यातल्या एकेकाचा मृत्यू त्या त्या माणसाच्या खोलीतून उलगडत जातो आणि प्रत्येक प्रकरण खेळायची रीत वेगळी.

मी फक्त लुईसच्या प्रकरणाबद्दल लिहिते. लुईस मासे डबाबंद करायच्या कारखान्यात कामाला आहे. तुमच्या उजव्या अंगठ्याखाली त्याचा हात: मासा उचलायचा, पात्याखाली सरकवायचा, मुंडकं उडालं की बाकीचा मासा पट्ट्यावर टाकायचा. परत तेच. वरून त्याच्या डॉक्टरने त्याच्या आईला लिहिलेलं पत्र ऐकू येत राहतं. थोड्या वेळाने पडद्याच्या कोपऱ्यात लुईसच्या कल्पनेतलं एक राज्य उगवतं आणि त्यातला छोटा लुईस तुम्हाला डाव्या अंगठ्याने चालवायचा असतो. सुरुवातीला दोन्ही जमत नाही. मग उजवा हात आपोआप चालायला लागतो, आणि ते राज्य वाढत वाढत मासे, पातं, भिंती सगळं झाकून टाकतं. मासे कापणं थांबलेलं नसतंच. फक्त तुमचं लक्ष तिथून उडालेलं असतं.

तो मुलगा आयुष्यातून कसा निसटत गेला हे पत्रात शब्दांत आहेच. पण मला ते शब्दांनी कळलं नाही, उजव्या अंगठ्याने कळलं. हे प्रकरण मी कितीतरी जणांच्या हातात कंट्रोलर देऊन खेळायला लावलं आहे. यूट्यूबवर बघितलेल्यांना ते ‘छान’ वाटतं. खेळलेले काही वेळ बोलत नाहीत.

—

धागाकर्त्यांशी अर्धा सहमत. निवडीचं कौतुक जरा जास्तच होतं. माझ्यावर सगळ्यात खोल परिणाम केला तो निवड नाकारणाऱ्या गेमने.

‘द लास्ट ऑफ अस’, २०१३. साथीने उद्ध्वस्त झालेल्या जगात जोएल एली या मुलीला सांभाळत डॉक्टरांपर्यंत आणतो, पण तिच्यापासून लस बनवायची तर तिचा जीव जाणार. शेवटी जोएल शस्त्रक्रियेच्या खोलीत शिरतो. एली टेबलावर बेशुद्ध, सर्जन हातात सुरी घेऊन आडवा उभा. मी बराच वेळ नुसता उभा राहिलो, काहीतरी दुसरा मार्ग निघेल म्हणून. निघत नाही. सर्जनला मारल्याशिवाय गेम पुढे सरकतच नाही. जोएल हा जोएलच राहणार आणि त्याच्या हाताला तुमचा हात बांधलेला. त्यानंतर तो एलीशी जे खोटं बोलतो त्यात तर आपल्याला काहीच करायला नसतं. इथे ‘खरं सांग / खोटं बोल’ असा पर्याय दिला असता तर ती गोष्ट जोएलची उरली नसती, माझ्या मनाच्या समाधानाची झाली असती.

२०२० च्या दुसऱ्या भागात हेच आणखी कठोरपणे केलंय. जोएलला मारल्यामुळे जिच्याबद्दल मनात राग भरलेला असतो त्या ॲबीलाच तुमच्या हाती देतात, आणि तेही थोड्या वेळासाठी नव्हे.

—

त्या ॲबीपाशीच मी गेम सोडला. लेखनाला नावं ठेवत नाही, पण माझ्याकडून ते होईना. माझा अनुभव एवढाच, आणि तो नोंदवावासा वाटला.

—

आता जरा सोबतीकडे. ‘जर्नी’, २०१२, दॅटगेमकंपनी.

वाळवंट, लांब दिसणारा डोंगर, लाल झगा. वाटेत कधीतरी तुमच्यासारखाच एक झगेवाला दिसतो. तो संगणकाने चालवलेला नाही, जगात कुठेतरी बसलेला खरा माणूस आहे. नाव दिसत नाही, लिहिता येत नाही, बोलता येत नाही. एक बटण दाबलं की सूर उमटतो, बस्स. एकमेकांना टेकलात की दोघांच्याही गळपट्ट्यात उडायची शक्ती भरते.

ही योजना किती विचाराने केलेली आहे ते पाहा. गेम तयार होत असताना खेळणाऱ्यांना एकमेकांना ढकलता यायचं, आणि लोक ढकलायचेच. तेव्हा बनवणाऱ्यांनी आदळणंच काढून टाकलं आणि जवळ येण्याचा दोघांनाही फायदा होईल असं केलं. माणसं तीच, ती चांगली वागायला लागली. ऑनलाइन लोक वाईटच असतात असं कुणी म्हणालं की मला हे आठवतं. वाईट वागणं सोपं आणि फायद्याचं ठेवलं तर तसंच घडणार.

माझा सोबती शेवटच्या बर्फात माझ्यापेक्षा पुढे होता. वारा सुटला की दगडाआड थांबायचा आणि मी पोचेपर्यंत सूर काढत राहायचा. त्याला थांबायची काही गरज नव्हती. श्रेयनामावली संपल्यावर वाटेत भेटलेल्यांची नावं दिसतात, तेव्हा कळलं की आपल्याला कुणीतरी अनोळखी माणसाने वर आणलं.

—

वरच्या मुद्द्याला जोडून. मी बरीच वर्षं टीमने खेळायचे नेमबाजीचे गेम खेळते. माइक चालू करून एक वाक्य बोलले की पुढचा सगळा सामना माझ्या आवाजावर शेरे. तक्रारीचं बटण होतं, ते दाबून काही झाल्याचं कधी दिसलं नाही. शेवटी माइक बंदच ठेवायला लागले आणि मग ‘टीमशी बोलत नाही’ म्हणून बोलणी.

२०१९ मध्ये ‘एपेक्स लेजंड्स’ आला. त्यातली पिंग ही सोय माझ्यासाठी मोठी गोष्ट ठरली. एका बटणाने शत्रू कुठे आहे, गोळ्या कुठे पडल्यात, आपण कुठे जायचं हे सगळं साथीदारांना कळवता येतं आणि तुमचं पात्रच ते त्याच्या आवाजात बोलतं. मी पहिल्यांदा पूर्ण सामना माझ्या डोक्याने चालवला, दोन अनोळखी लोक माझ्या खुणांवर चालत होते आणि मी बाई आहे का पुरुष हा प्रश्न कुणाला पडायचं कारणच नव्हतं. गोष्ट नसलेल्या गेमबद्दल लिहिते आहे याची कल्पना आहे, पण सोबतीबद्दल बोलायचं तर हे बोललंच पाहिजे.

—

‘अमंग अस’. आला २०१८ मध्ये, सगळ्यांच्या फोनवर पोचला २०२० मध्ये. गटात लपलेला घातकी कोण ते चर्चेने ओळखायचं आणि मतदानाने त्याला बाहेर काढायचं, घातक्याने मात्र खोटं बोलून वाचायचं. अनोळखी लोकांबरोबर मला तो कधीच आवडला नाही: कारण न देता कुणालाही बाहेर फेकतात आणि निघून जातात. ओळखीच्या माणसांत मात्र त्याला तोड नाही. आमच्या गटातली सर्वांत अबोल मैत्रीण इतक्या शांतपणे खोटं बोलायची की तिच्याबद्दलचं आमचं मतच बदललं. हल्ली ती प्रत्यक्षातही जास्त बोलते.

—

‘इट टेक्स टू’, २०२१, हेझलाइटचा. एकट्याने खेळताच येत नाही. दोघांपैकी एकाने विकत घेतला तरी फ्रेंड्स पासवर दुसऱ्याला ऑनलाइन खेळता येतं, हे आवर्जून सांगण्यासारखं.

नवऱ्याने आधी कधी कंट्रोलर धरला नव्हता. डाव्या काडीने चालायचं आणि त्याच वेळी उजवीने बघायचं, हे आम्हा जुन्या खेळाडूंना श्वासासारखं झालेलं असतं. त्याला छताकडे बघत भिंतीवर आपटताना पाहून मला माझं सुरुवातीचं शिकणं आठवलं. घाई न करता थांबायला मी इथे शिकले.

पण धाग्याच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे क्यूटी हत्तीण. घटस्फोटाच्या वाटेवरचे आईबाप बाहुल्या झालेत आणि मुलगी रडली तर आपण परत माणसं होऊ असा त्यांचा समज. म्हणून तिचं लाडकं खेळणं मोडायचं. ती हत्तीण गयावया करते, तिचा पाय अडकतो, कान फाटतो, आणि तिला कड्यापर्यंत ओढायचं काम दोघांनी मिळून करायचं. नवऱ्याने कंट्रोलर खाली ठेवला. म्हणाला, “हे मी करणार नाही.” गेमला ते चालत नाही. मुलांना मध्ये घालून स्वतःचा प्रश्न सोडवू पाहणारे आईबाप म्हणजे काय, ते त्या दोन मिनिटांत जेवढं अंगावर येतं तेवढं बाकीच्या सगळ्या गेममध्ये येत नाही. खरं सांगायचं तर नंतरचा समेट मला त्यामानाने फार सहज वाटला.

—

‘स्पिरिटफेअरर’, २०२०. मृतांना नावेतून शेवटच्या दारापर्यंत सोडायचं. मिठी मारायला वेगळी सोय आहे आणि मी ती कामाच्या मधे मधे उगाचच वापरायचो. ॲलिस आजी हळूहळू विसरत जाते आणि आपल्याला स्वतःची मुलगी समजायला लागते. अतुल काका तर निरोपही न घेता एके दिवशी नाहीसे होतात. मी सगळ्या नावेत शोधत फिरलो. बाकी सगळ्यांना दारापर्यंत सोडलं, त्यांचं राहिलं.

—

सगळं वाचून खेळावंसं वाटतंय, पण आयुष्यात गेम खेळलेला नाही. कशापासून सुरुवात करू? गोळ्या झाडणं जमणार नाही.

—

(धागाकर्ता) ‘फायरवॉच’ घ्या, २०१६ चा. वायोमिंगच्या जंगलातला एक वणवा-राखणदार आणि वॉकीटॉकीवरची त्याची वरिष्ठ डेलायला. चालायचं आणि बोलायचं, बाकी काही नाही. मरायची भीती नाही. त्यानंतर वर सांगितलेला ‘इडिथ फिंच’. सबटायटल सुरू ठेवा. उत्तर चुकलं असं वाटलं तरी मागे जाऊन बदलू नका. आणि ‘फायरवॉच’च्या शेवटाबद्दल आमच्यात जुना वाद आहे, बऱ्याच जणांना तो फुसका वाटतो, मला वाटत नाही. खेळून झालं की तुमचं मत इथेच लिहा.