मदत हवी आहे: ईआरपी आलं, पण कारभार अजून वहीतच

नमस्कार मंडळी. नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत एका छोट्या मशीन शॉपमध्ये मी प्लॅनिंग बघतो. साधारण साठ माणसं. आठ महिन्यांपूर्वी ईआरपी, म्हणजे स्टॉकपासून उत्पादनापर्यंत सगळ्या नोंदी एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर, बसवलं, ट्रेनिंगही झालं. तरी स्टोअरचे काका अजून लाल कापडी बांधणीच्या रजिस्टरमध्येच लिहितात आणि शनिवारी दुपारी आठवड्याच्या सगळ्या नोंदी एकदम कॉम्प्युटरवर चढवतात. म्हणजे बुधवारी स्क्रीनवर दिसणारा स्टॉक निव्वळ थाप!

आधी वाटलं, वय झालंय, जमत नसेल. पण हेच काका मोबाइलवरून वीजबिल भरतात, नातवाला व्हिडिओ कॉल करतात. खरी गोम सकाळच्या मीटिंगमध्ये आहे. ज्याच्या नावावर रिजेक्शन (नापास झालेला माल) दिसतं, त्याची साहेब सगळ्यांसमोर हजेरी घेतात. मग खरा आकडा भरणार कोण? वहीत निदान खाडाखोड करता येते. त्यात साहेबांना स्वतःला प्रिंटवर सहीच लागते.

लोक नवं तंत्रज्ञान का स्वीकारतात याचे अभ्यासक फ्रेड डेव्हिस यांनी 1989 मध्ये मांडलं होतं की माणूस नवी प्रणाली वापरतो ती उपयोगी आणि सोपी वाटली तर. आमच्याकडे सोपी आहे हो, पण उपयोग फक्त साहेबांना, ओरडायला.

सातपूर, सिन्नरकडे कुणी यातून गेलंय का? रजिस्टर एका तारखेला बंदच केलंत की काही दिवस दोन्ही चालवलंत? आणि मुख्य म्हणजे, मीटिंगची पद्धत बदला हे मालकांना सांगितलं कसं? माझी अजून हिंमत होत नाहीये.