मनगट दुखतंय, व्हील निसटतंय: ट्रान्समीटरचं व्हील बदलू की ग्रिप?

चिखलगाडी
नमस्कार मंडळी. 1/10 मापाची रिमोट कंट्रोल बग्गी चालवतो, रेडिओ (पिस्तुलासारखी ग्रिप आणि बाजूला व्हील असलेला ट्रान्समीटर) सान्वाचा एमटी-44. दोन तक्रारी आहेत. एक, व्हीलवरचा फोम झिजून गुळगुळीत झालाय आणि हाताला घाम आला की बोटं निसटतात. दुसरी, पाच मिनिटांची हीट (शर्यतीचा एक टप्पा) संपेपर्यंत मनगटातून कळ येते. ॲल्युमिनियमचं मोठं व्हील मनात भरलंय (खरं सांगायचं तर दिसायला आवडलंय). कुणी वापरलंय का? रबर चढवलेलं घ्यावं की फोमचंच?

शेवटचा_लॅप
फोमच घ्या. पण मऊ नको, कडक. मऊ फोम बोटाखाली दबतो, आणि बोट हललं तरी व्हील लगेच हलत नाही. हातात नुसता घेऊन बघितला तर हे कळत नाही, सरळ रेषेत गाडी सावरताना कळतं. रबर आणि सिलिकॉन घामाला बरे, पुसले की झालं. मात्र त्यांच्यावर धूळ चिकटते. बग्गीवाल्याने विचार करावा.

तीनबोटे
व्हीलचं नंतर बघू. कळ कोणत्या हातात येते ते आधी सांगा.

चिखलगाडी
डाव्या.

तीनबोटे
वाटलंच. डाव्या हातात ग्रिप आणि ट्रिगर, व्हील फिरवतो उजवा. मग व्हील बदलून डाव्या मनगटाला आराम कसा पडणार? उलट ॲल्युमिनियमचं बसवलंत तर उजव्या बाजूला लोंबणारं वजन वाढेल आणि रेडिओ तिकडे कलंडू नये म्हणून डावी मूठ आणखी आवळावी लागेल.

एक करून बघा. रेडिओ नेहमीसारखा धरा, उजवा हात काढून घ्या आणि डावीकडची शेवटची तीन बोटं सैल सोडा. रेडिओ तळहातात टेकून राहिला तर ग्रिप बेताची आहे. निसटायला लागला तर ती बारीक पडतेय आणि तुम्ही प्रत्येक वळणावर ती दाबून धरताय. तर्जनीकडेही बघा. ट्रिगरवर पहिल्या पेराची गादी टेकली पाहिजे. बोट पार दुसऱ्या पेरापर्यंत आत जात असेल तर ग्रिप जाड करा, हात मागे सरकेल. जेमतेम टोक पोचत असेल तर जाड ग्रिपने आणखी पंचाईत होईल.

जाड करायला आधी विकत काही आणू नका. टेनिस रॅकेटवर गुंडाळतात ती ओव्हरग्रिप घ्या. एक थर साधारण अर्धा मिलिमीटर भरतो. एक थर, दोन थर करत चालवून बघा. माप सापडलं की मग हवी तर तयार ग्रिप घ्या. माझी तीन वर्षं ओव्हरग्रिपवरच चालली आहेत.

कासवगती
तीनबोटेंना +1. त्यात ड्रॉप-डाउन ॲडॅप्टरची भर घालतो. व्हील खाली आलं की उजवा खांदा उचलून धरावा लागत नाही आणि दोन्ही कोपरं अंगाला टेकतात. पहिले दोन दिवस गाडी भलतीकडेच जाते, घाबरू नका. पण प्रत्येक कंपनीचा दांडा आणि खाचा वेगळ्या. फुटाबाचा ॲडॅप्टर सान्वाला बसत नाही, आणि एकाच कंपनीतही सगळ्या मॉडेलांना एकच चालतो असं धरू नका. विक्रेत्याच्या यादीत आपल्या मॉडेलचं नाव दिसेपर्यंत ऑर्डर देऊ नये.

त्रिज्या_पाय
मोठ्या व्हीलबद्दल थोडं गणित, कारण “मोठं म्हणजे अचूक” हे सगळेच ऐकवतात. समजा 54 मिमी व्यासाचं व्हील आहे आणि एका बाजूला 35 अंश फिरतं. कडेवर बोटाचा प्रवास होतो सुमारे 16.5 मिमी. तेच 64 मिमीचं घेतलं तर 19.5. तेवढ्याच वळणासाठी बोटाला 3 मिमी जास्त जागा मिळाली, म्हणून बारीक दुरुस्त्या सोप्या होतात. इथवर लोकांचं म्हणणं बरोबर.

आता दुसरी बाजू. व्हील मध्यावर आणणारी स्प्रिंग तीच, त्रिज्या वाढली, म्हणजे कडेवर लागणारा जोर सुमारे 16 टक्क्यांनी कमी. व्हील ढिलं वाटतं. शिवाय कडेला तेवढंच वजन असेल तर फिरण्याचं जडत्व त्रिज्येच्या वर्गाने वाढतं, इथे जवळपास 40 टक्के. भरीव धातूच्या कडेचं जड व्हील एकदम सोडलंत तर मध्यावर थांबण्याऐवजी किंचित पलीकडे जाऊन परत येतं, आणि गाडी वळणातून बाहेर पडताना शेपूट हलवते. लोक मग गाडीचा सेटअप बदलत बसतात! मोठं घ्यायचंच तर हलकं घ्या आणि स्प्रिंगचा ताण थोडा वाढवा.

खिशाला हात घालण्याआधी रेडिओतल्या ड्युअल रेट (चाकं एकूण किती वळतील) आणि एक्स्पो (मध्यापाशी स्टिअरिंग किती मऊ) या सेटिंगशी मात्र खेळून बघा. मध्यापाशी गाडी जास्त चपळ वाटत असेल तर एक्स्पोने ती फुकटात शांत होते. कोणतं चिन्ह मऊ करतं ते ब्रँडनुसार बदलतं, म्हणून गाडी स्टँडवर ठेवून चाकं बघत ठरवा.

गोंद्या
माझी फजिती सांगतो, तेवढीच वाचा. नवीन व्हीलचा स्क्रू सैल पडायचा म्हणून त्याला थ्रेडलॉकर लावला. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या हबला केसासारख्या चिरा, आठवड्यात तुकडा. ते द्रव धातूत धातू असेल तिथेच लावायचं, कित्येक प्लॅस्टिकं त्याने तडकतात. प्लॅस्टिकवर स्क्रू बेताने आवळा आणि दर काही दिवसांनी तपासा, बस्स. फोमही सुपरग्लूने चिकटवू नका. गोंद आत झिरपून तिथे दगड होतो.

शेवटचा_लॅप
थ्रीडी प्रिंट केलेल्या ग्रिपचं कुणी बोललं नाही. प्रिंटिंगचं पीएलए प्लॅस्टिक 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं. उन्हात बंद गाडीत राहिलेली माझी ग्रिप केळ्यासारखी वाकली होती. पीईटीजी प्लॅस्टिक बरं, आणि हाताला सगळ्यात सुखाचं रबरासारखं टीपीयू.

त्रिज्या_पाय
कार्बन फायबरची ग्रिप कुणी सुचवली तर अँटेना कुठे आहे ते आधी बघा. कार्बन वीज वाहतो आणि 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी अडवतो. बदल काहीही केलात तरी एकदा रेंज तपासून मगच जोरात चालवा.

चिखलगाडी
सगळ्यांचे आभार, वाखुसा (वाचनखूण साठवली). तीन बोटं सोडताच रेडिओ निसटला, म्हणजे ग्रिपच बारीक. ओव्हरग्रिपचे दोन थर दिले. दुसऱ्या थराने तर्जनी ट्रिगरवर कमी पडायला लागली, म्हणून एकावर आलो. तीन हीट झाल्या, कळ जवळपास नाही. व्हील तेच ठेवून फक्त कडक फोम मागवलाय. ॲल्युमिनियमवाल्याचा फोटो अधूनमधून उघडून बघतो, तेवढं चालेल ना?

आणखी एक. बॅटरीचे चार सेल काढून हलका लिपो (लिथियम पॉलिमर) पॅक टाकला तर मनगटाला फरक पडेल का?

तीनबोटे
तुमच्या रेडिओच्या पुस्तिकेत त्या व्होल्टेजला परवानगी असेल तरच. पण बॅटरी तळाला असते, आणि तेच वजन वरच्या व्हीलला तोलून धरतं. खाली हलकं केलंत की रेडिओ डोकेजड होईल. मी तसं करून महिनाभराने परत सेल टाकले. आणि हो, फोटो बघायला हरकत नाही.