मदत हवी आहे: कॅम टायमिंगचं रीडिंग दर वेळी बदलतंय

सांगलीत घरच्या शेडमध्ये मारुती एस्टीम गाडीचं १३०० सीसी इंजिन बांधतोय. कुपवाडला हेडचं फेसिंग करून घेतलं (खालचा पृष्ठभाग घासून सपाट केला), त्यामुळे कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) थोडा मागे पडला असणार. म्हणून कॅमला ॲडजस्टेबल पुली बसवली. पिस्टन स्टॉप लावून, दोन्हीकडच्या रीडिंगचा मध्य काढून टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) पक्का केलाय, तो हलत नाही. पण इनटेक व्हॉल्व्हच्या रिटेनरवर डायल गेज टेकवून लोब सेंटर (व्हॉल्व्ह सगळ्यात जास्त उघडतो तो क्रँकचा कोन) काढलं, की एकदा १०८ अंश, लगेच पुढच्या वेळी ११२! क्रँक जरा उलटा गेला की बेल्ट सैल पडतो, हे डोळ्यांनी पाहिलंय. मग कायम सुलट्याच दिशेने फिरवून माप घ्यायचं का? आणि टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवतात ती फट) शून्य ठेवायचा की नेहमीचाच? चार अंशांचा फरक मला सोडवत नाही. स्वतः केलेल्यांनी कृपया सांगा, पुलीचे बोल्ट अजून आवळलेले नाहीत.