बऱ्हाणपूरचे मकबरे आणि किल्ला, गाईडसोबत एका दिवसात होतं का?

जळगावकर_बाबा:
राम राम मंडळी. मुलगी नववीत आहे, सध्या इतिहासाचं भलतंच वेड लागलंय, परवा जेवताना तिने विचारलं की मुघलांच्या आधी आपल्या खानदेशावर कोणाचं राज्य होतं, मी फारुकी म्हणालो, तर लगेच म्हणे मग त्यांच्या कबरी कुठेयत, मला बघायच्यात. म्हणून बऱ्हाणपूरची चौकशी केली. एका टूरवाल्याने गाडी आणि गाईड धरून असा प्लॅन दिलाय: सकाळी ६ ला जळगावहून निघायचं, शाही किल्ला, जामा मशीद, फारुकींचे मकबरे, शाहनवाज खानाचा मकबरा, बेगमचा मकबरा, आहुखाना, कुंडी भंडारा, असीरगड आणि रात्री ९ पर्यंत घरी. आई पण येणार, तिचे गुडघे दुखतात. हे एवढं सगळं खरंच बघून होतं का? आणि गाईड घ्यावाच का, की नेटवर वाचून जावं? कोणी गेलं असेल तर सांगा.

केळीचं_रान (रावेर):
दादा, आधी त्या यादीतून असीरगड काढा. बऱ्हाणपूरपासून वीसेक किलोमीटर पुढे आहे, वर चढण आहे, त्याला अर्धा दिवस वेगळा लागतो. अकबराला तो गड घ्यायला महिनोन्‌महिने वेढा घालून बसावं लागलं, १६०१ ला हातात आला आणि तिथेच फारुकींचं राज्य संपलं, असा गड तासाभरात उरकायचा नसतो. आमच्याकडे पाहुणे आले की मी हेच सांगतो पण टूरवाले यादी लांब दिसावी म्हणून घालतातच.

गाईड मात्र नक्की घ्या आणि गावातलाच घ्या. कारण सांगतो. जामा मशिदीत आत एक संस्कृत शिलालेख आहे, शके १५११ चा, म्हणजे १५९० च्या सुरुवातीचा, त्यात फारुकींची वंशावळ दिलीय मलिक राजापासून, आणि तिथी वार सगळं आपल्या पंचांगाप्रमाणे. मशिदीत देवनागरी अक्षरं! कोणी बोट दाखवून सांगितलं नाही तर माणूस खांब बघत बघत पुढे निघून जातो. मुलीला तिथे वाचू द्या, शब्द ओळखता येतात.

बेगमचा मकबरा तर चुकवूच नका. शाहजहानचा मुलगा शाह शुजा, त्याच्या बायकोचा, लोक खरबुजी गुंबद म्हणतात कारण बाहेरून खरबुजासारख्या फाका आहेत. इमारत एवढीशी, पण आत शिरून वर बघा, भिंतीपासून घुमटापर्यंत वेली फुलं रंगवलेली, शेकडो वर्षांनंतरही रंग टिकलाय. दाराला कुलूप दिसलं तर परत फिरू नका, चौकीदाराला विचारून उघडून घ्या. मोबाईलचा टॉर्च भिंतीवर मारत बसू नका आणि हात तर अजिबात लावू नका, लोकांनी नावं कोरून ठेवलीत ते बघून जीव तुटतो.

भुसावळ_जंक्शन:
आईंना घेऊन जाताय तर मार्चच्या आत उरका, नंतर आपल्याकडचं ऊन माहितीये, दगडावर पाय ठेववत नाही आणि मशिदीत चपला काढाव्या लागतात. कुंडी भंडाऱ्याची खाली उतरायची लिफ्ट चालू आहे का ते आदल्या दिवशी विचारून घ्या. चालू असेल तर मुलीला न्याच, १६१५ ची पाणी योजना आहे, सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहराकडे आणलंय, शंभरावर कुंड्या एकमेकींना जोडलेल्या. आणि परत येताना मावा जिलेबी घेतल्याशिवाय गाडी हलवू नका.

शिरपूर_तापीकाठ:
सगळे बऱ्हाणपूरच सांगतायत पण मुलीचा प्रश्न काय होता ते बघा ना भाऊ, फारुकींच्या कबरी कुठे. पहिल्या फारुकींच्या कबरी थाळनेरला आहेत, शिरपूरपासून जवळच. फिरोजशाह तुघलकाने १३७० ला मलिक राजाला थाळनेर आणि करवंद दिलं तिथून या घराण्याची सुरुवात, १३९९ ला तो वारला, त्याची कबर इथेच. म्हणजे तिकडे मशिदीत ज्याचं नाव वाचाल तो माणूस इकडे आहे. घुमटाचे चौकोनी मकबरे आहेत आणि एक अष्टकोनी, त्याच्या बाहेरच्या भिंतीवरची नक्षी जवळ जाऊन बघा, काळ्या दगडात इतकं बारीक काम आपल्या भागात फार कमी ठिकाणी दिसतं. पण गाईड, तिकीट, हॉटेल असलं काही मिळणार नाही, डबा पाणी सोबत ठेवा.

तापीच्या काठावर किल्लापण आहे, बराचसा ढासळलाय. १८१८ च्या जानेवारीत मंदसौरच्या तहात होळकरांनी खानदेश इंग्रजांना देऊन टाकला तरी इथल्या किल्लेदाराने किल्ला सोडला नाही, २७ फेब्रुवारीला इंग्रजांनी तो घेतला, आतली शिबंदी कापून काढली आणि किल्लेदार तुळशीराम मामांना फाशी दिली. एवढं मोठं घडलं तिथे आणि आपल्याच जिल्ह्यातल्या पोरांना ते माहीत नाही. शाळांच्या सहली आधी इथे यायला पाहिजेत असं माझं स्पष्ट मत आहे. आणि हो, लताबाईंचं आजोळ पण थाळनेरच, आईंना ते नक्की आवडेल.

जळगावकर_बाबा:
सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीला सगळं वाचून दाखवलं, ती म्हणते आधी थाळनेर, मग बऱ्हाणपूर, क्रमाने. म्हणजे दोन वेगळे रविवार. असीरगड काढला. आहुखाना ठेवू का?

केळीचं_रान (रावेर):
ठेवा. नदीपलीकडे झैनाबादला आहे, १६३१ च्या जूनमध्ये मुमताज बऱ्हाणपूरला बाळंतपणात गेली तेव्हा तिला आधी तिथे पुरलं होतं, डिसेंबरात आग्र्याला नेलं. आता पडझडच आहे, जास्त वेळ लागत नाही. शाहनवाज खानाच्या मकबऱ्यात मात्र गाईडला तळघर दाखवायला सांगा, खरी कबर खाली असते, वर फक्त तिची खूण. आईंना वरच बसवा, पायऱ्या अरुंद आहेत.